वन्सं म्हणजे कोण

धाकटीला मातीत ठेवून झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्संनी दुकान उघडलं. शेजारच्या चहावाल्याला ते काही बरं दिसलं नाही. पण लोकांचं काय घेऊन बसलात, दुकान बंद ठेवलं असतं तर ज्यांच्या पँटी आत अडकल्या होत्या त्यांना तेही बरं दिसलं नसतं. वन्संनी शटर वर ढकललं, दिवा लावला, दोन मशिनांपैकी भिंतीकडच्या मशिनावरचं फडकं काढलं आणि शाळेच्या मुलांच्या पँटींची दुमड उसवायला घेतली. मुलं उंच होतात, पँटी होत नाहीत. दुकानाचं निम्मं पोट त्याच्यावरच चाललं होतं. खिडकीकडच्या मशिनावरचं फडकं त्यांनी काढलं नाही.

रडू येत नव्हतं. त्यांनी आपली वाट पाहिली. दवाखान्यात आलं नाही, कबरस्थानात आलं नाही, तेव्हा वाटलं, घरी गेल्यावर येईल. घरी गेल्या, दोरीवरचा धाकटीचा टॉवेल काढला, घडी करून कपाटात ठेवला, आणि त्यांना भूक लागली. उभ्या उभ्या पाव खाल्ला. मग झोप लागली, आणि तीही कशी, तर लाज वाटावी अशी गाढ. सकाळी उठून त्यांनी स्वतःला चाचपून बघितल्यासारखं केलं. काही नाही. कुणीतरी त्यांना आतून बंद करून किल्ली घेऊन गेलं होतं.

आता वन्सं म्हणजे कोण, हे जुन्या माणसांना सांगायला नको. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतात. म्हणजे म्हणायचे. हल्ली नणंदेला सरळ नावाने हाक मारतात, नाहीतर ताई म्हणून मोकळ्या होतात, नाहीतर मारतच नाहीत. पण धाकटी लग्न होऊन आली ती हा शब्द माहेरून बरोबर घेऊनच आली. आणि धाकटी म्हणजे काही धाकटी जाऊ वगैरे नव्हे. घरात माणसं तीन: वन्सं, त्यांचा भाऊ आणि ही. तिघांत लहान म्हणून धाकटी. नाव असं कुणी घेतलंच नाही.

भाऊ म्हणजे बंधुराज. त्यांना बंधुराजच म्हणू, कारण दुसरं जे म्हणावंसं वाटतं ते चारचौघांत म्हणता येत नाही. लग्नाची नवलाई पुरती संपली नव्हती तेव्हा एका संध्याकाळी बंधुराज "जरा जाऊन येतो" म्हणून बॅग घेऊन निघाले, आणि ते 'जरा' अजून चालूच आहे. दुसरीकडे बिऱ्हाड झालं, मुलं झाली. कागदावर मात्र धाकटी त्यांची बायकोच राहिली. घटस्फोट द्यायलासुद्धा माणसाला थोडी हालचाल करावी लागते, आणि हालचाल म्हटलं की बंधुराजांच्या पोटात गोळा यायचा.

आता भावजय माहेरी जाणार आणि नणंद भावाची बाजू घेणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. धाकटी गेली नाही. वन्संनी जा म्हटलं नाही. त्यावर दोघींचं बोलणंसुद्धा झालं नाही. वन्सं एवढंच म्हणाल्या, "काजं तू करत जा, माझी नजर पोचत नाही," आणि धाकटीने सुई हातात घेतली. झालं, संसार सुरू.

जुन्या चर्चच्या कारभाऱ्यांना हे पचेना. त्यांनी धाकटीला सांगितलं, नवऱ्याशी समेट कर, तोवर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे येऊ नकोस. धाकटी म्हणाली, "समेट करते, तो कुठे राहतो तेवढं सांगा." मग त्यांनी वन्संना धरलं. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या, भावाच्या की हिच्या? "जेवायला जिच्या बाजूला बसते तिच्या," वन्सं म्हणाल्या. त्या रविवारी दोघी तिथून उठून आल्या त्या परत गेल्या नाहीत.

फिरत फिरत या मंडळीत, म्हणजे एका छोट्याशा दुसऱ्या चर्चमध्ये, पोचल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा हॉल. आठवडाभर तिथे नाचाचा क्लास चालायचा आणि रविवारी सकाळी उपासना. एका अख्ख्या भिंतीला आरसे. प्रार्थनेला डोळे मिटायचे सोडून लोक आपापले केस बघत बसायचे. दोघींनी आल्या आल्या माप घेऊन भिंतभर पडदा शिवून दिला. जिन्याच्या दारावर पाटी होती, 'कोणीही या'. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'आणि दार लावून घ्या'.

आणि खरंच कोणीही यायचं. उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंना आधी दोन चर्चनी काढलेलं. एकाने बाई म्हणून, दुसऱ्याने तोंडाळ बाई म्हणून, असं त्या स्वतःच सांगत. एक नर्स होती, तिला आईबापांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं, आणि ती बाई म्हणून घरी गेली तर दारातून परत पाठवलं होतं. आणि न्हावीदादा. न्हावीदादांनी एका बस ड्रायव्हरबरोबर सगळं आयुष्य काढलं. केस पिकले तरी दोघं एकमेकांच्या बाकावरची धूळ रुमालाने झटकायचे. न्हावीदादांचा एक ठरलेला विनोद होता. "पूर्वी लोक बायकोला 'आमची मंडळी' म्हणायचे," ते सांगत. "मला बायको नाही, पण मंडळी आहे."

उपासना झाली की चहा आणि चहाबरोबर मनोरथ. कधीतरी आपली स्वतःची जागा होईल, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दर रविवारी प्रार्थनेत मागायचे आणि चहा पिताना वाटून घ्यायचे. पाळकबाईंना मोठी शेगडी हवी होती. नर्सला असा संडास हवा होता की ज्याच्या दारावर बाईचंही चित्र नाही आणि पुरुषाचंही नाही, "नुसतं संडास लिहा की, कळतं लोकांना." धाकटीला सुई ओवायला पूर्वेची खिडकी हवी होती. न्हावीदादांना मंडळीची स्वतःची दफनभूमी हवी होती, आणि ते आपलं मागणं सगळ्यांत शेवटी, कपात बघत सांगायचे.

मंडळीचा नियम एकच, विचारायचं नाही. जो जसा आला तो तसा. तू कोण, ही तुझी कोण, लग्न कुठे झालं, मुलं का नाहीत, हे सगळं प्रत्येकाला दुसरीकडे पोटभर विचारून झालेलं होतं. इथे कुणी विचारायचं नाही. नियम चांगलाच होता, त्याला कोण नावं ठेवील. पण घोळ झाला तो त्याच्यामुळेच.

ड्रायव्हर गेला तेव्हा त्याचे नातेवाईक आले, जे कधी चहा प्यायलासुद्धा आले नव्हते. कबरस्थानाच्या फाटकाशी त्यांनी न्हावीदादांना विचारलं, "तुम्ही याचे कोण?" न्हावीदादांना उत्तर देता आलं नाही आणि त्यांना आत घेतलं नाही. पुढच्या रविवारी पाळकबाईंनी मंडळीसमोर उभं राहून उलटा प्रश्न विचारला, "याचं इथे कोण?" न्हावीदादा उभे राहिले. मग एकेक माणूस उठून त्यांच्यापुढे गेला आणि म्हणाला, "तो तुझा होता." पाळकबाई म्हणाल्या, नर्स म्हणाली, धाकटी म्हणाली, वन्सं म्हणाल्या. लहानमोठं कोणी असो, सगळ्यांनी 'तुझा'च म्हणायचं, तिथे अहो-जाहो नाही. त्या दिवसापासून मंडळीत कुणाचं माणूस गेलं की असंच करतात, आणि सुरुवात न्हावीदादा करतात.

तर धाकटी गेल्यावर दोन दिवसांनी पाळकबाई दुकानात आल्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. वन्संच्या हातात कात्री होती, ती चालूच राहिली.

"रविवारी स्मरणाची उपासना ठेवतोय," पाळकबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढच्या बाकावर."

"मी कशाला पुढे? असते तिथे बरी आहे."

"नाही. जोडीदार गेल्यावर पुढेच बसायचं. परवा कबरस्थानात तुम्हाला मागे उभं केलं, ते आम्ही लांबून बघत होतो. जीव तुटला आमचा. आपल्याकडे तसं नाही व्हायचं."

कात्री थांबली. "जोडीदार," वन्सं म्हणाल्या.

पाळकबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आम्ही कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण आम्हाला काय दिसत नव्हतं? ती तुम्हाला लाडाने वन्सं म्हणायची, तुम्ही तिला धाकटी. आम्हीसुद्धा वन्संच म्हणायला लागलो. आमच्यात कुणाच्याच घरी असला शब्द नव्हता. काय गोड नाव शोधलं होतं तिने."

वन्संनी तोंड उघडलं. आता सांगायचं, अहो बाई, वन्सं म्हणजे नणंद. सोपं होतं. पण त्यांनी कात्रीच पुन्हा चालू केली, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक चेन बदलायची म्हणून जॅकेट घेऊन आलं. पाळकबाई उठल्या. जाताना त्यांनी खिडकीकडच्या मशिनावरचं फडकं हळूच सारखं केलं.

आणि मग वन्संना एकेक उलगडायला लागलं. दुकानाच्या वाढदिवसाला मंडळीने केक आणला होता, त्यावर साखरेची दोन कबुतरं. घरी येताना धाकटी म्हणाली होती, "अहो वन्सं, कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, आणि तो एकच असतो ना?" दोघींनी बराच खल केला आणि शेवटी बेकरीवाल्याला देवाधर्माचं काही कळत नाही असं ठरवलं. नर्सने एकदा नियम मोडून लाजत लाजत विचारलं होतं, तुमची दोघींची ओळख कशी झाली? वन्सं म्हणाल्या होत्या, "ओळख कसली, मी गेले, बघितली, पहिल्या भेटीतच पसंत केली." म्हणजे भावासाठी मुलगी बघायला गेल्या होत्या त्या. पण ते नर्सला कुठे माहीत. तिने छातीवर हात ठेवला होता, आणि वन्संना वाटलं होतं, हिला ॲसिडिटी झाली.

कपाळ आपलं. इतकी वर्षं.

त्यांना राग आला नाही, हे सांगून ठेवायला हवं. त्यात राग येण्यासारखं त्यांना काही वाटलंही नाही. न्हावीदादा आणि ड्रायव्हर यांच्या पंगतीला कुणी बसवलं तर तो मानच. फक्त ते खरं नव्हतं. त्यांचं आणि धाकटीचं तसलं काही नव्हतं. मग कसलं होतं, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि नियमाप्रमाणे कुणी विचारलंही नव्हतं.

आता घोडं कुठे अडलं बघा. त्यांना ते शब्द हवे होते. ती तुझी होती. सगळं बधिर झालं होतं, भूक लागली की खायचं आणि झोप आली की झोपायचं, पण एवढी एक गोष्ट हवी होती, आणि ती हवी आहे हे त्यांना पाळकबाई बोलल्या तेव्हाच कळलं. दवाखान्यात टेबलावरच्या माणसाने विचारलं होतं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" "नणंद." "नवऱ्याला बोलवा मग, सही लागते." बंधुराजांना फोन केला. ते आले, सही केली, कबरस्थानात पुढे उभं राहून पहिली मूठ माती टाकली, आणि वन्सं मागे राहिल्या. चहावाला म्हणाला, "भावजय होती का? तरी थोडं वाईट वाटतंच." थोडं. भावजय गेली की माणसाला थोडं वाईट वाटावं, अशी जगाची पद्धत आहे. नणंदेच्या पुढे रांग लावून ती तुझी होती असं कोण म्हणतं?

म्हणजे गप्प राहिलं तर शब्द मिळणार, पण धाकटीच्या नावावर खोटं बोलून. आणि खरं सांगितलं तर पुन्हा कबरस्थानात होत्या तिथेच, मागे. गप्प राहणं सोपं होतं. नुसतं उभं राहायचं, बाकीचं लोकच करणार. वन्सं आठवडाभर पँटी खाली सोडत राहिल्या आणि त्यांचं काही ठरलं नाही.

रविवार उजाडला. हॉल झाडून घेतलेला, आरशांवर पडदा ओढलेला. पडद्याची खालची पट्टी एका टोकाला लोंबत होती. ती धाकटीची बाजू, तिचे टाके नेहमी सैल पडायचे. वन्सं जाऊन पुढच्या बाकावर बसल्या. शेजारची जागा सगळ्यांनी आदराने मोकळी सोडली होती. गायन झालं, शास्त्रपाठ झाला. नर्सने वाचला, मध्येच तिचा आवाज अडकला, नाक पुसून तिने परत सुरुवात केली. वन्सं तिच्याकडे बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, ही रडते, आणि मी बाहीची शिलाई बघतेय तिच्या.

तेवढ्यात दार वाजलं. मागे वळून बघायचं नव्हतं, तरी बघितलं. बंधुराज. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर मी आपला उगाच आलोय असा भाव. कबरस्थानातून निघताना पाळकबाईंनी त्यांनाही सांगून ठेवलं होतं. लांबून आतलं काही ऐकू आलं नव्हतं. पाळकबाईंना वाटलं, हा धाकटीचा भाऊबिऊ असेल. आणि कोणीही या म्हणजे कोणीही. बंधुराजांनी पाटीवर सांगितल्याप्रमाणे दार लावून घेतलं आणि शेवटच्या बाकावर टेकले.

पाळकबाई पुढे आल्या. त्यांनी धाकटीबद्दल थोडंसं सांगितलं, पडद्याचं, खिडकीचं, तिच्या हसण्याचं. मग थांबल्या. आणि विचारलं, "हिचं इथे कोण?"

वन्संना उठायचं होतं. पाय उठेनात. सगळी मंडळी त्यांच्या पाठीकडे बघत होती, ते त्यांना पाठीला कळत होतं. पाळकबाई वाट बघत राहिल्या. घाई करायची नाही, असं त्या नेहमी म्हणत. आणि त्या शांततेत मागच्या बाकाची लाकडी फळी करकरली. बंधुराज उठत होते. बिचाऱ्याची तरी काय चूक, विचारलं तर उत्तर द्यायला हवं, आणि कागदोपत्री तेच तर होते. अर्धे उठले होते, गुडघ्यात वाकलेले, बोलू की नको अशा बेतात.

"खाली बस," वन्सं म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण बंधुराज बसले. लहानपणापासूनची सवय. आणि वन्सं उभ्या होत्या. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"तो तिचा नवरा आहे," त्या मंडळीला म्हणाल्या. "माझा भाऊ. तुम्हाला सगळ्यांना जे वाटलं ते तसं नव्हतं. वन्सं म्हणजे लाडाचं नाव नाही. वन्सं म्हणजे नणंद. नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात. ती माझी भावजय होती."

कुणीतरी श्वास घेतला. दुसऱ्या कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. नर्सचं तोंड उघडं राहिलं होतं. ती बहुतेक पहिल्या भेटीचं मनात लावून बघत होती.

"मला आधी सांगायला हवं होतं," वन्सं म्हणाल्या. "नाही सांगितलं, कारण मला ते ऐकायचं होतं. तुम्ही जे म्हणता ते. आता म्हणू नका हवं तर. पण बाई, तुम्ही विचारलंत ना, हिचं इथे कोण? तर मी. दुसरं कुणी नाही. मीच."

एवढं बोलून त्या उभ्या राहिल्या. हात बाजूला लोंबत होते. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात, त्यांना हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. मंडळी न्हावीदादांकडे बघायला लागली, कारण सुरुवात त्यांची. न्हावीदादा जागेवरच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वन्सं," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "ते शब्द मला फुकट नाही मिळाले."

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "फाटकाबाहेर मी तुमच्याशेजारीच उभी होते. म्हणून तर खोटं बोलून घेतले नाहीत."

पुढच्या बाकाच्या पाठीला धरून न्हावीदादा उठले, गुडघा धरला म्हणून जरा थांबले, आणि चालत पुढे आले. वन्संपुढे उभं राहून त्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, गिऱ्हाइकाचे केस कुठून धरायचे ते बघतात तसं.

"ती तुझी होती," न्हावीदादा म्हणाले.

मग बाकीचे आले. पाळकबाई आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच वेळी त्या ओशाळल्याही होत्या. "ती तुझी होती." नर्स आली. मागच्या बाकांवरचे आले, ज्यांची नावंसुद्धा वन्संना नीट येत नव्हती. ती तुझी होती, ती तुझी होती. वन्सं प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होत्या. इतकी आस लागली होती या शब्दांची, आणि आता ते मिळत होते तर काच लावलेल्या खिडकीवर पाणी पडावं तसे बाहेरच्या बाहेर ओघळत होते. एवढं करून मिळवलं आणि आत काही जाईना. आता काय करायचं माणसाने.

रांग संपत आली आणि रांगेच्या शेवटी बंधुराज होते. सगळे उठले म्हणून तेही उठले असतील. जवळ आल्यावर दिसलं, शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं. वन्सं बघत राहिल्या. बंधुराज बहिणीच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"ताई," ते म्हणाले आणि अडले. त्यांच्यामागे कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे सरकायचीही सोय नव्हती. "ताई, मी नुसता सहीपुरता होतो. ती तुझी होती."

"हो," वन्सं म्हणाल्या. "तुझीपण झाली असती रे. आली होती ती तुझ्यासाठीच."

बंधुराजांनी मान खाली घातली. मग ते जिन्याकडे गेले. त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला आणि सायकलवाल्याच्या ठोकाठोकीत मिसळून गेला.

चहा झाला. नेहमीप्रमाणे कप कमी पडले, आधीच्यांचे विसळून घ्यावे लागले. लोक वन्संच्या आसपास उगाच रेंगाळत होते. कुणाला माफी मागायची होती, कुणाला नक्की कशाची मागायची ते कळत नव्हतं. केकवरच्या कबुतरांची कुणालातरी आठवण झाली असावी, कारण कोपऱ्यात दबलं हसू फुटलं आणि पाळकबाईंनी डोळे वटारले. वन्संना ते हसू आवडलं. म्हणजे आवडलं असतं, असं त्यांना वाटलं.

नर्स कप घेऊन समोर आली. तिचं नाक अजून लाल होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मला माहीत आहे विचारायचं नाही. पण आता विचारलेलं बरं, असं मला वाटायला लागलंय."

"विचार."

"आम्ही तुम्हाला काय म्हणायचं? इतके दिवस वन्सं वन्सं करत होतो. पण आम्ही काही तुमच्या भावजया नाही. तो शब्द त्यांचा होता. आम्ही उगाच उचलला, माहीत नसताना."

बरोबरच होतं तिचं. वन्संना भाऊ एक, त्याची लग्नाची बायको एक. बंधुराजांच्या दुसऱ्या घरी कुणी त्यांना वन्सं म्हणणार नव्हतं. दुकानात त्या मावशी होत्या, चहावाल्याच्या ताई होत्या, दवाखान्यात नातेवाईक होत्या. ताई म्हणत जा, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की जगात एकच माणूस होतं ज्याची त्या वन्सं होत्या, आणि ते आता नाही. नणंद व्हायला भावजय लागते. आता त्या कुणाच्याच वन्सं नव्हत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "वन्संच म्हणा."

"चालेल?"

"म्हण की. म्हणणारी एकच होती. तुम्ही पण सोडलंत तर संपलंच ते."

नर्सने कप त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तो त्यांच्या हातासकट धरून ठेवला. "बरं, वन्सं," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, जाडसर, सर्दीने बसलेला. धाकटीचं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. ते ऐकलं आणि वन्संना रडू फुटलं.